प्रिपोझिशनचा घोळ

इंग्रजीतलं प्रिपोझिशन म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययाचं भावंड, फक्त जागा उलटी. आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो. इंग्रजीत ‘अंडर’ आधी येतं, टेबल मागून.

स्थळ, काळ, दिशा हे मुख्य प्रकार. ‘इन फ्रंट ऑफ’सारखी दोन-तीन शब्दांची जोडप्रिपोझिशन्सही असतात. खरी गोची काळाची. घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वाराला नि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’: ॲट फाइव्ह, ऑन मंडे, इन जून. मग ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ॲट नाइट’ का? इथे तर्क लढवू नका, सरळ पाठ करा.

मराठी माणूस हमखास अडकतो तो आपल्याच प्रत्ययांपाशी. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’ तोंडात येतं. हवं ‘मॅरीड टू’. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. खरं तर ‘डिस्कस’ला प्रिपोझिशन लागतच नाही.

आणि हो, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालत नाही, हे शाळेत शिकवलं असेल तर खुशाल विसरा. कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर हा आक्षेप घेतला होता. इंग्रज मात्र आजही बिनदिक्कत विचारतात, ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’