बर्फाशेजारीं बिऱ्हाड

आमच्या घरांत यंदा एक नवाच वादविषय उपस्थित झाला. आमचें बिऱ्हाड सांगलीस, कनिष्ठ बंधूंचें साताऱ्यास; तथापि सणवार, लग्नकार्यें आणि सुट्या यांतील खर्च व कलह दोन्ही आजवर एकत्रच होत आले आहेत. गेल्या दिवाळींत जेवणें आटोपल्यावर तरुण मंडळींनीं ठराव मांडला कीं, येत्या फाल्गुनअखेर सर्वांनीं मिळून हिमालयांत जावें, आणि तेंही हॉटेलांत न उतरतां तंबू ठोकून राहावें. चारही नातवंडांच्या परीक्षा मार्चच्या मध्यास संपतात व शाळा एप्रिलच्या आरंभीं पुन्हां सुरू होतात. तो पंधरवडा कारणीं लावावा, असें त्यांचें म्हणणें. मंडळी एकूण ११. सर्वांत धाकटी नात सहा वर्षांची. सर्वांत वडील आमच्या भगिनी, ज्यांना सारें घर आत्या म्हणतें, त्यांचें वय ७४.

आमचें पहिलें मत विरुद्ध होतें, हें कबूल केलें पाहिजे. त्याचें कारण मुलांना वाटलें तसें म्हातारपण नव्हे.

सुमारें ३५ वर्षांपूर्वीं माघांत आम्ही शाळेंतील २२ मुलें घेऊन महाबळेश्वरास गेलों होतों. वेण्णा तलावाजवळ सखल, सपाट जागा दिसली, पाणी हातापाशीं होतें, म्हणून तेथेंच राहुट्या ठोकल्या. वर बाजारपेठेंत असते तिच्याहून कितीतरी कडक थंडी या तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागांत पडते, आणि एखाद्या पहाटे तेथील गवतावर व स्ट्रॉबेरीच्या पानांवर दंव गोठून पांढरा थर बसतो. निरभ्र, निर्वात रात्रीं गार हवा जड होऊन पाण्यासारखी उतारानें खालीं येते व खोलगटांत सांचते. हें आतां दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांतून छापून येतें. आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

एक मुलगा सायंकाळीं पाय घसरून पाण्यांत पडला होता. ओला सदरा त्यानें अंगावरच राहूं दिला व कोणास सांगितलें नाहीं. रात्रीं तो कुडकुडूं लागला तेव्हां आम्हीं वर दोन चादरी घातल्या. कांहीं वेळानें कुडकुडणें थांबलें. ‘आतां ऊब आली, झोपूं द्या,’ असें आम्ही म्हणालों. तेवढ्यांत शेजारच्या मळ्यांतील एक वृद्ध गृहस्थ कंदील घेऊन आले. त्यांनीं मुलास नांव विचारलें. जीभ अडखळत होती आणि उत्तर भलतेंच आलें. त्यांनीं ओले कपडे काढविले, कोरड्या घोंगडींत गुंडाळून त्याला दोन मुलांच्या मध्यें निजविलें, हातपाय मात्र चोळूं दिले नाहींत. आणि तो शुद्धीवर येऊन नीट गिळूं लागल्यावर गोड ऊन दूध पाजलें. कुडकुडून शरीर स्वतःस ऊब देत असतें. अंग गारच असतां कुडकुडणें थांबलें, तर शरीर हरलें असें समजून तत्काळ डॉक्टर गांठावा, हें आम्हांस मागाहून कळलें. मुलगा वांचला. त्याच्या वडिलांस आम्हीं सर्व हकीकत पत्रानें कळविली. उत्तर आलें नाहीं.

म्हणून नातवंडांनीं नकाशा पसरला तेव्हां, बर्फ कोठें दिसेल याची चौकशी आम्हीं त्यांच्यावर सोपविली आणि, रात्रीं निजणार कोठें, एवढेंच विचारलें.

प्रवासाचा भाग सोपा आहे. मिरज, सातारा, पुणें या वाटेनें दिल्लीस जाणारी गोवा एक्सप्रेस दोन्ही बिऱ्हाडांस सोयीची. पुढें मोटारीनें मनाली. (गॅसची टाकी व रॉकेल आगगाडींतून नेण्यास मनाई आहे. धाकट्या पुतण्याचा तसा बेत वेळींच हाणून पाडावा लागला.) सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० फूट, महाबळेश्वर साडेचार हजार, मनाली ६,७००. येथवर निरोगी माणसास सहसा त्रास होत नाहीं. मेख पुढें आहे. पूर्वीं मनालीहून लाहौलांत जाण्यास १३,००० फुटांहून उंच अशी रोहतांग खिंड ओलांडावी लागे व हिवाळ्यांत ती कित्येक महिने बर्फानें बंद असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं ९ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांबीच्या अटल बोगद्याचें उद्घाटन झालें, आणि आतां सकाळीं मनालीस चहा घेतलेला मनुष्य माध्यान्हापूर्वीं १०,००० फुटांवर सिस्सू गांवीं उभा राहतो. रस्ता सोपा झाला. विरळ हवेशीं जुळवून घेण्यास शरीराला जे दिवस लागतात ते मात्र कमी झाले नाहींत. साधारण ८,००० फुटांच्या वर पुष्कळांचें डोकें दुखतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं. आणि त्रास वाढत असतां तेथेंच निजून राहणें जिवावर बेततें. त्यावर हमखास उपाय एकच, खालीं उतरणें. मोठा मनुष्य आपल्याला काय होतें तें सांगतो. सहा वर्षांची पोर सांगेलच असें नाहीं. ती खेळ सोडून गप्प बसली व जेवेना, कीं ओळखावें.

यास्तव आम्हीं असें ठरविलें कीं, तंबू मनालीच्या उंचीवरच, एखाद्या राहत्या घराच्या आवारांत ठोकावे. पहिले दोन दिवस कोठेंही न जातां काढावे. आणि बर्फ पाहण्यास दिवसा वर जाऊन सायंकाळच्या आंत परत यावें. यावर तरुणांत नाराजी पसरली. बर्फावर तंबू नाहीं तर त्यांत मौज ती काय? मोठ्या नातीनें साताऱ्याच्या प्रियंका मोहिते यांचें उदाहरण दिलें. त्यांनीं २०१३ साली एव्हरेस्ट व २०२१ साली अन्नपूर्णा सर केलें. उदाहरण उत्तम आहे. परंतु असे गिर्यारोहक शिखरावर जाण्यापूर्वीं कित्येक आठवडे तळावर व मधल्या मुक्कामांवर चढउतार करीत काढतात, हेंही तिनें वाचावें असें आम्हीं सुचविलें. तिनें वाचलें, आणि मग वाद थांबला.

फाल्गुन-चैत्र हा आपल्या पंचांगाचा वसंतारंभ. तिकडे शिशिर अद्याप निघालेला नसतो. भूमध्य समुद्राकडून येणारीं वादळें मार्चांतही बर्फ पाडतात व रस्ते बंद करतात, म्हणून परतीच्या तिकिटापूर्वीं दोन दिवस मोकळे ठेवले आहेत. पहाटे दगडासारखा घट्ट असलेला बर्फ दुपारच्या उन्हानें भिजतो, आणि उभ्या उतारांवरून त्याचे लोंढे सुटतात. डोंगराच्या उघड्या, झाडें नसलेल्या घळीच्या तोंडाशीं बसून शिदोरी सोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. झाडें तेथें कां नाहींत, याचा विचार कोणी करीत नाहीं. बर्फावरून परतणारें ऊन डोळ्यांस जाळतें. काळे चष्मे लहानांनाही हवेत.

आतां अंथरुणाविषयीं. आमच्या घरांत पांघरुणें मोजण्याचा प्रघात आहे, पण जमीन अंगांतील ऊब पांघरुणावाटे जाते त्याहून लवकर ओढून घेते; तेव्हां खालीं जाड हवें. सुती कपडा भिजला कीं गारठवितो, लोंकरीचा भिजूनही थोडा उपयोगी पडतो. आटपाडी-जतकडील घोंगड्या बोंचतात खऱ्या, तरी दोन घेतल्या आहेत. आणि ज्या गोष्टीवर आम्हीं कोणाचें ऐकलें नाहीं ती ही कीं, शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे तंबूच्या आंत येतां कामा नयेत. बंद जागेंतील निखाऱ्याच्या वायूस वास नसतो. निजलेला मनुष्य उठतच नाहीं.

स्वयंपाकाचें खातें सूनबाईंकडे. दहा हजार फुटांवर पाणी १०० ऐवजीं सुमारें ९० अंशांवरच उकळतें, त्यामुळें डाळ तासभर रटरटली तरी बोटचेपी होत नाहीं. मनालीस हा त्रास कमी, तरी कुकर बरोबर आहेच. वरच्या दिवसाकरितां दशम्या, गुळाची पोळी, शेंगदाण्याचे लाडू.

राहिल्या आत्या. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे. त्यांना घरींच ठेवावें असें दोघातिघांचें मत पडलें, पण तें त्यांच्यासमोर बोलण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. शेवटीं डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले, मनालीपर्यंत खुशाल न्या, त्यावर नको. रात्रीं पक्क्या खोलींत निजवा. मग त्या दिवशीं त्यांच्यापाशीं कोण राहणार? सूनबाई पुढें झाल्या. आम्हीं तें मान्य केलें नाहीं. संस्कृतच्या वर्गांत कुमारसंभवाचा पहिला सर्ग, म्हणजे हिमालयाचेंच वर्णन, आम्हीं ३० वर्षें शिकविलें. परंतु बर्फ हातांत घेण्याची आमची हौस सूनबाईंच्या हौसेहून मोठी नव्हे, आणि गुडघेही आतां आमचे म्हणावे असे राहिलेले नाहींत. आत्यांना हें कळलें तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, माझ्यासाठीं तूं कशाला अडकतोस? अंगणांतून डोंगर दिसेलच कीं. मी वाती वळीत बसेन.” आम्ही त्यांच्यापाशींच राहणार, हें मात्र पक्कें झालें आहे.

गेल्या आठवड्यांत साताऱ्याच्या घराच्या परसांत रंगीत तालीम झाली. दोन्ही तंबू उभे करण्यास अडीच तास लागले. मध्यरात्रीं दोन वाजतां धाकट्या नातीस बाहेर जावयाचें होतें आणि तंबूची चेन अडकली. ती काढीपर्यंत व्हायचें तें झालें. सामानाच्या यादींत आतां एक झांकणाचा डबा, दोन विजेऱ्या आणि चेनीस लावण्याकरितां मेणबत्तीचा तुकडा यांची भर पडली आहे. आत्या हट्टानें त्या रात्रीं तंबूंतच निजल्या. पहाटे सर्वांत आधीं त्याच उठल्या, आणि चहा कोण टाकणार म्हणून विचारूं लागल्या.