गरोदरपणाचे गणित आणि पर्लकोटेचा पूर

भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाचा रस्ता तुटतो, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आता एक गणित करू. एखाद्या बाईची शेवटची पाळी १० नोव्हेंबरला आली. त्या तारखेत ७ दिवस मिळवायचे आणि ९ महिने पुढे जायचे. उत्तर येते १७ ऑगस्ट, म्हणजे ऐन पुराचे दिवस.

हे गणित वर्गातला कोणताही विद्यार्थी करील. अडचण आहे ती पहिल्या तारखेची. डिसेंबर-जानेवारीत विचारले तर ती सांगता येते. तारीख आठवत नसली, तरी धानकापणीच्या आधी की नंतर, कोणत्या बाजाराच्या सुमारास, यावरून जवळपास पोचता येते. जूनमध्ये विचारले तर हे दुवे पुसट झालेले असतात. सोनोग्राफीचेही तसेच. पहिल्या तीन महिन्यांत ती गर्भाचे वय आठवड्याभराच्या फरकाने सांगते. शेवटच्या तीन महिन्यांत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. मग बाळ लहान आहे ते दिवस कमी भरल्यामुळे की त्याची वाढ नीट न झाल्यामुळे, हे ठरवणेही कठीण होते.

‘पोट दिसू लागले की दवाखान्यात जाऊ’ हा समज सर्वत्र आढळतो, शिकलेल्या घरांतही. गरोदरपणात आईला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. त्यातले सुमारे ३०० बाळाला आणि वारेला जाते, ५०० च्या आसपास आईचे वाढलेले रक्त तयार करण्यात खर्ची पडते, उरलेले नेहमीप्रमाणे शरीराबाहेर टाकले जाते. एवढे लोह रोजच्या जेवणातून मिळत नाही, म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस लोहाच्या गोळ्या देतात. आपल्या उदाहरणातल्या बाईने फेब्रुवारीत सुरुवात केली तर १८० दिवस जेमतेम बसतात. १५ जूनला नाव नोंदवले, तर हाती उरतात ६३ दिवस. गोळ्या दुप्पट केल्याने गेलेले दिवस पुरते भरून निघत नाहीत, कारण आतडे एका वेळी थोडेच लोह शोषून घेते. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेले तर धडधाकट बाई ते सोसते. हिमोग्लोबिन ६ वर असलेल्या बाईच्या ते जिवावर बेतू शकते, आणि त्याच वेळी रस्ता बंद असेल तर रक्त आणणार कोठून?

खरे तर लोहाचा साठा त्याही आधी व्हायला हवा. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देतात ती यासाठीच. ती दप्तरात राहते की पोटात जाते, हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार!

काही गोष्टींना तर फारच थोडा अवधी असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भातच निदान करायचे तर वारेचा नमुना साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतात. आधी दोघांचे रक्त तपासायचे, मग मोठ्या शहरात जायचे; पाळी चुकताच सुरुवात केली तरच हे जमते.

उशिराचा दोष मात्र आम्ही बायकांच्या माथी मारणार नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे होते, पण तपासणी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. आज आशा कार्यकर्ती गावातच असते. पाळी चुकल्याची बातमी तिच्याकडे पहिल्या महिन्यात पोचते की पाचव्या, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

शासनाने २०१०-११ पासून आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ सुरू केले. दिवस भरत आले की गरोदर बाईने तेथे काही दिवस आधी येऊन राहायचे. पण मागे लहान मूल असते, गुरे असतात, रोवणीची मजुरी बुडते. सोबत सासू येणार की आई, हेही ठरवावे लागते. १७ ऑगस्ट ही तारीख जानेवारीतच कळली, तर घराला या तजविजीसाठी सात महिने मिळतात.