अंगठा जुळला नाही तर?

बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर हंगामभर कोयता चालवतात. हाताला घट्टे पडतात, बोटांवरच्या रेषा झिजतात. अशा हाताचा ठसा रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर जुळला नाही, तर पुढे काय करायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले हवे. जावा भाषेत फसू शकणारे काम ‘ट्राय’ खंडात लिहितात आणि फसल्यावर करायचे काम ‘कॅच’ खंडात. पण नेटवर्क तुटणे आणि ठसा न जुळणे या वेगळ्या चुका आहेत. पहिलीवर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न पुरतो, दुसरीवर दुसरे बोट, डोळ्यांची ओळख किंवा ओटीपी लागतो. दोन्हींसाठी ‘व्यवहार अयशस्वी’ एवढाच संदेश दाखवणे म्हणजे हक्काचे धान्य नाकारणे.

पर्यायी वाट दिली की गैरव्यवहार वाढेल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर नोंदीत आहे: अपवाद कधी, कोणत्या कारणाने केला हे लिहिले, की तपासणी शक्य होते. आधार प्राधिकरणाच्या 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकातही अशा अपवादांची नोंद ठेवायला सांगितले आहे. मग चूक दिसताच थांबणेच सुरक्षित नाही का? पैसे हस्तांतरित करताना अर्धवट व्यवहार मागे घेऊन थांबणे योग्यच. मात्र थांबणे नेहमीच सुरक्षित नसते: 4 जून 1996 रोजी एरियन 5 रॉकेटच्या दिशादर्शक संगणकात एक आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. अशी चूक म्हणजे यंत्रच बिघडले, असे गृहीत धरलेले असल्याने संगणक बंद पडला. त्याच प्रोग्रॅमवर चालणारा राखीव संगणकही त्याच कारणाने आधीच बंद झाला होता, आणि रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाले.