तीच आग, तेच पाणी

गंगाखेडच्या एखाद्या जुन्या घरातली पितळी घागर उजेडाकडे तिरकी धरा. काठाखाली नाव दिसेल. कुणाच्या लग्नात कुणी दिली, कधी दिली, सगळं छिन्नीने लिहिलेलं. वर्षानुवर्षं चिंचेने नि राखेने घासूनही अक्षर बोटाला लागतं. ते धातूत शिरतं कसं, हे शिकायला बसलं की पहिलं आश्चर्य एकही रेघ काढण्याआधीच भेटतं.

तांब्याचा पत्रा लालसर तापवून पाण्यात टाका, तो मऊ होतो. पोलादाची कोरणी लाल करून त्याच पाण्यात बुडवा, ती इतकी कडक होते की हातातून पडली तर टोक उडेल. तीच आग, तेच पाणी, आणि परिणाम अगदी उलटा! ठोकून कडक झालेल्या तांब्यातले विस्कटलेले स्फटिक उष्णतेने नव्याने घडतात. पाणी त्याला फक्त थंड करतं. पोलादात कार्बन असतो आणि एकदम थंड झाल्यामुळे तो स्फटिकांत अडकून पडतो. हातकोरणीची सगळी विद्या या एका फरकावर उभी आहे.

कडक कोरणीचा ठिसूळपणा काढायला ती घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हलकेच तापवतात. आता डोळे लावून रंग पाहायचे. सुमारे २३० अंश सेल्सिअसला पोलादावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबायचं; निळ्यापर्यंत गेलात तर धार मऊ पडली. हा रंग लावलेला नसतो, पृष्ठभागावर आलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ असतो. थर्मामीटर नसलेल्या काळात कारागिरांनी तापमान असं डोळ्यांनी वाचलं.

भांड्यावर नाव घालणारा छिन्नीवर हलके ठोके देत ती पुढे सरकवतो. तिथे धातू निघत नाही, दबून बाजूला होतो. कोरणीने मात्र धातूचा बारीक तंतू वळत वळत सुटून येतो. तिचं टोक साधारण ४५ अंशांत घासतात आणि खालची बाजूही थोडी घासून उचलती ठेवतात. इथे नांगराचाच न्याय: फाळ जास्त उभा धरला तर रुततो, फार आडवा धरला तर वरून घसरतो. धार तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. अडलं तर धार आहे, घसरलं तर दगडावर परत घासा. नवशिक्यांचं काम बहुतेक वेळा बोथट हत्यारानेच बिघडतं. वळण काढताना कोरणीचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने पत्रा फिरवायचा. त्यासाठी खाली वाळू भरलेली चामडी पिशवी हवी. ‘ळ’ची गाठ अशीच साधते.

गंगाखेडवरून गेलेला लोहमार्ग परळी, उदगीर करत बीदरला पोचतो. तिथले बिदरी कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात आणि कोरण्याआधी ते मोरचुदाच्या पाण्याने काळं करतात. काळ्यावर कोरलेली रेघ लखलखते, चूक लगेच दिसते. मग रेघेत चांदी ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी धातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. मला याहून सुंदर रसायन माहीत नाही. तुम्हीही पत्र्यावर आधी काळी शाई फासा.

गंगाखेडहून गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथला राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट शके ७१६चा, म्हणजे इ.स. ७९४चा. यादव रामचंद्राचा शके ११९३चा. शतकं उलटली, पण अक्षरं वाचता येतात. ताम्रपटांचा मजकूर रचणारा एक आणि कोरणारा दुसरा असे, म्हणून अनेक ताम्रपटांत अक्षरं सुटलेली किंवा चुकलेली सापडतात. तेव्हा अक्षर आधी लिहून, वाचून, मगच कोरा.

आणि सुरुवातीलाच नावाच्या मागे लागू नका. तापवून मऊ केलेल्या पत्र्यावर बोटभर सरळ रेघा काढा, मग कमानी, मग आपलं आद्याक्षर. कोरणीच्या टोकापुढे दुसऱ्या हाताचं बोट मात्र कधीही ठेवू नका.