आफ्रिकेच्या वन्यजीवांचा चित्रकार : निक ब्रँट

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी हरिण टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. पाखराचे सोडून देऊ; पण शिकारी आणि छायाचित्रकार यांच्यात एके काळी खरोखरच फारसे अंतर नव्हते. रात्रीच्या अंधारात लख्ख उजेड पाडून आफ्रिकेतील जनावरांची छायाचित्रे घेणारा जर्मन गृहस्थ कार्ल जॉर्ज शिलिंग्ज हा मूळचा शिकारी. १९०५ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच उजेडाचा झोत आणि बंदूक शेजारी शेजारी आहेत. पुढे बंदूक मागे पडली, पण दुरून नेम धरण्याची सवय मात्र राहिली. बंदुकीच्या नळीची जागा लांबलचक भिंगाने घेतली, एवढेच.

प्रस्तुत लेखात ज्या छायाचित्रकाराची ओळख करून द्यावयाची आहे, त्याने ही लांब नळीदेखील बाजूला ठेवली. त्याचे नाव निक ब्रँट.

या नावाशी माझा परिचय अगदी योगायोगाने झाला. आमच्या एका सरांच्या संग्रहात ब्रँट यांचे दोन भलेमोठे ग्रंथ आहेत. “जपून ने, पाने दुमडू नकोस,” असे बजावून त्यांनी ते मला घरी नेऊ दिले. वर्तमानपत्रात गुंडाळून मी ते एस.टी.ने गावी नेले. आमच्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नाही, आणि तीही माझ्याच पायी घरात आलेली. साहजिकच संध्याकाळी आजी आणि दादा (माझे वडील) दोघेही कंदिलाभोवती बसावे तसे त्या पुस्तकाभोवती बसले. आजीला अक्षरओळख नाही. पण चित्रे पाहायला अक्षरे कशाला लागतात? ती एका पानावर थांबली. पाणी पिणारा एक थोरला हत्ती, समोरून पाहिलेला. लांब सुळे, सुरकुतलेले कपाळ, आणि वर विस्तीर्ण आकाश. आजीने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ह्यो हाय का गं अजून?”

त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर ब्रँट यांची सारी कारकीर्दच सांगावी लागेल.

निक ब्रँट यांचा जन्म १९६४ साली लंडनमध्ये झाला. तेथील सेंट मार्टिन्स कलाशाळेत त्यांनी चित्रकला आणि चित्रपट या विषयांचे शिक्षण घेतले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि गाण्यांच्या चित्रफिती दिग्दर्शित करू लागले. सुप्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन यांच्या ‘अर्थ साँग’ या गीताची चित्रफीत त्यांनी १९९५ साली केली. तिच्या चित्रीकरणासाठी ते टांझानियात गेले आणि पूर्व आफ्रिकेच्या भूमीने व प्राण्यांनी त्यांना कायमचे वेड लावले. या प्राण्यांविषयी आपल्याला जे वाटते ते चित्रफितीत मांडता येत नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात राहिली. अखेर २००१ साली त्यांनी स्थिरचित्रणाचा कॅमेरा हाती घेतला आणि तेथून त्यांच्या आफ्रिकेतील फेऱ्या सुरू झाल्या.

ब्रँट यांचे वेगळेपण कशात आहे, हे समजण्यासाठी भिंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वन्यप्राण्यांची छायाचित्रे बहुधा टेलिफोटो भिंगाने घेतात. या भिंगामुळे दूरचा प्राणी जवळ दिसतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. नळीतून पाहिल्यासारखे दृश्य अरुंद होते. आकाश कापले जाते, पाठीमागची झाडे व डोंगर धूसर होतात आणि प्राणी तेवढा उरतो. ब्रँट यांना नेमके हेच नको होते. तो प्राणी ज्या गवतात, ज्या आभाळाखाली राहतो, ते सारे त्यांना त्याच्यासोबत हवे होते. शिवाय त्यांचा विचार असा, की एखाद्या माणसाचे व्यक्तिचित्र आपण शंभर पावलांवरून घेत नाही. त्याच्या समोर जाऊन बसतो, तेव्हा कोठे त्याचा स्वभाव चेहऱ्यावर उमटतो. मग प्राण्याच्या बाबतीत निराळा न्याय का?

म्हणून त्यांनी पेंटॅक्स ६७ हा वजनदार कॅमेरा आणि साधी, स्थिर भिंगे पत्करली. या कॅमेऱ्याची निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौपटीहून मोठी असते, त्यामुळे गवताची काडी न् काडी स्पष्ट उमटते. मात्र एका रोळात छायाचित्रे निघतात ती दहाच. दहा झाली की रोळ बदला, आणि तेवढ्यात सिंह उठून गेला तर कपाळाला हात लावा! त्यातून भिंग जवळचे; प्राण्याने आपण होऊन जवळ येऊ दिल्याशिवाय चित्रच नाही. तेव्हा उरतो एकच मार्ग, तो म्हणजे वाट पाहणे. त्याचा भरवसा बसेपर्यंत, हवा तसा ढग येईपर्यंत दिवसच्या दिवस गाडीत बसून राहणे. वादळापूर्वीच्या वाऱ्यात आयाळ उडत असलेल्या सिंहाचे त्यांचे प्रसिद्ध चित्र आहे. ते अशाच कित्येक दिवसांच्या बैठकीचे फळ होय.

चित्रे कृष्णधवल आहेत. आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंतीवर वाडवडिलांचे फोटो असतात, तशी ती दिसतात. ही माणसे होती, आता नाहीत, हे त्या फोटोंकडे पाहताच कळते. जिवंत प्राण्यांची अशी चित्रे घेण्यामागे ब्रँट यांचा हेतू हाच होता. नाहीशा होऊ लागलेल्या जगाचा त्यांना एक अखेरचा आलेख ठेवावयाचा होता. २००५, २००९ आणि २०१३ साली त्यांचे तीन ग्रंथ निघाले. तिन्हींची नावे सलग वाचली की एकच वाक्य तयार होते. त्याचा भावार्थ असा, की या पृथ्वीवर, उजाड झालेल्या भूमीवर, एक सावली पडत आहे.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू.

तिने पाहिलेला हत्ती केनियातील अंबोसेलीचा. हे राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या सीमेलगत आहे. सीमेपलीकडे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो उभा, आणि त्याच्या पायथ्याच्या पाणथळ जागांवर हत्तींचे कळप जगतात. सिंथिया मॉस या विदुषींनी १९७२ पासून येथील हत्तींचा अभ्यास चालविला. त्यामुळे हत्तींना नावे आहेत, त्यांची घराणी ठाऊक आहेत. या हत्तीचे नाव इगॉर. माणसांना तो इतका सरावला होता, की २००७ साली त्याने ब्रँट यांना अवघ्या काही पावलांवर येऊ दिले. पण माणसावर ठेवलेला हा विश्वासच त्याला भोवला असेल, असे वाटल्यावाचून राहत नाही. दोन वर्षांनी, २००९ साली, सुळ्यांसाठी चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला ठार मारले. गवतातून चाललेल्या कळपाचे ब्रँट यांचे आणखी एक चित्र आहे. त्यात सर्वांत पुढे चाललेली म्होरकी हत्तीणही त्याच वर्षी अशीच मारली गेली.

मी आजीला म्हणाले, “नाही आजी, मारला त्याला. सुळ्यांसाठी.” आजी काही बोलली नाही. तिने पानावरून हात फिरवला आणि पुस्तक मिटले.

हस्तिदंताच्या या व्यापाराशी आपला संबंध नाही असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघालेला हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातच उतरत असे, आणि त्याच्या बांगड्या आपल्या देशातील स्त्रियांच्या हातांत किणकिणत. आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्या कायद्याने बंदी घातली ती १९९१ साली. इगॉरच्या काळात मात्र मागणी मुख्यतः चीन व त्याच्या शेजारच्या देशांतून होती. चीनने आपला अंतर्गत व्यापार २०१७ च्या अखेरीस बंद केला. तोपर्यंत फार हानी झाली होती. १८ देशांत विमानांतून झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या हत्तींच्या गणनेनुसार २००७ ते २०१४ या सात वर्षांत गवताळ प्रदेशातील हत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते.

ब्रँट यांच्या कारकिर्दीला कलाटणी मिळाली ती येथे. चित्र उत्तम निघाले, जगभर गाजले, पण चित्रातला हत्ती काही त्या चित्राने वाचला नाही. केवळ सुंदर चित्रे काढून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. २०१० साली तेथील अनुभवी वनरक्षक रिचर्ड बोनहॅम यांच्या साथीने त्यांनी ‘बिग लाइफ’ ही संस्था स्थापन केली. अंबोसेलीच्या परिसरात सुमारे १६ लाख एकरांवर ही संस्था काम करते. तिचे शेकडो रक्षक बहुतांशी स्थानिक मासाई तरुण आहेत. शिकारी एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात पळत. म्हणून केनिया आणि टांझानिया अशा दोन्ही बाजूंना पहारा बसविण्यात आला. मासाई लोकांची गुरे सिंहाने मारली तर भरपाई देण्याचीही सोय झाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याची गाय मेली त्याला ‘सिंह वाचवा’ असा नुसता उपदेश करून कसे चालेल? या परिसरातील चोरटी शिकार पुढे पुष्कळ कमी झाली.

यानंतर ब्रँट यांची चित्रेही बदलली. २०१६ च्या ग्रंथासाठी त्यांनी एक विलक्षण उद्योग केला. पूर्वी काढलेली प्राण्यांची व्यक्तिचित्रे प्रत्यक्ष प्राण्याएवढी मोठी छापून फळ्यांवर चिकटवली आणि हे प्राणी एके काळी जेथे फिरत अशा जागी ती उभी केली. आता तेथे कारखाने, कचऱ्याचे डोंगर, पुलाखालच्या वस्त्या आहेत. सभोवतालची माणसे आपापल्या कामात गुंतलेली. जणू भुतासारखा तो हत्ती त्यांना दिसतच नाही.

यातील एका चित्रात दगडाच्या खाणीत जिराफ उभा आहे. दादांनी ते पान माझ्याकडून मागून घेतले. माझे दादा गेली वीस वर्षे खडीच्या खाणीवर काम करतात. त्यांनी जिराफाकडे थोडे पाहिले आणि खाणीकडे पुष्कळ पाहिले. मग म्हणाले, “दगुड फोडायचं सोडलं तर ही मानसं खातील काय?”

हा प्रश्न मी सरांना विचारला, स्वतःला विचारला. दादांच्या खाणीने आमचा डोंगर अर्धा खाल्ला. लहानपणी ज्या टेकाडावर मोर दिसत, ते टेकाडच आज नाही. पण त्याच खाणीच्या मजुरीवर माझी महाविद्यालयाची फी भरली जाते. मग या चित्रातला आरोपी कोण? दादा?

ब्रँट यांचे उत्तर पुढील ग्रंथात मिळते. २०१९ च्या मालिकेत त्यांनी मासाई भूमीवर कॅमेरा एका जागी पक्का रोवला. आधी तेथे आलेले प्राणी टिपले, मग त्याच जागी पेट्रोल पंप, बसस्थानक, रस्ता असे देखावे उभारून तेथील माणसे टिपली आणि दोन्ही चित्रे एकत्र जुळवली. त्यांत माणसे खलनायक नाहीत. प्राण्यांइतकीच तीही वाट चुकलेली, कोंडलेली दिसतात. २०२१ च्या ग्रंथात तर दुष्काळ व पूर यांनी उद्ध्वस्त झालेली केनिया आणि झिम्बाब्वेतील माणसे आणि अनाथालयांत सांभाळलेले प्राणी धुक्यात शेजारी शेजारी बसले आहेत. ही कल्पना नव्हे. २०२२ च्या दुष्काळात एकट्या केनियात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात दोनशेहून अधिक हत्ती मेले. त्यांना मारायला बंदूक लागली नाही.

कोणी म्हणेल, की ही चित्रे रचलेली आहेत आणि श्रीमंतांच्या भिंतींवर लागतात. त्यात तथ्य आहे. परदेशी माणसाने आफ्रिकेचे दुःख दाखवावे का, हाही प्रश्न रास्त आहे. पण चित्रातला हत्ती मेल्यावर जो माणूस दुसरे चित्र काढण्याआधी पहारेकरी उभे करतो, त्याच्या कळकळीवर मला संशय घेता येत नाही.

पुस्तके मी सरांना परत केली. एकही पान दुमडलेले नव्हते. आमच्या खाणीत अजून काही टिटव्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्या खडीतच अंडी घालतात. या वर्षी एक घरटे ट्रॅक्टरच्या वाटेवर आले. दादांनी त्याभोवती चार मोठे दगड मांडले आणि चालकाला वळसा घालायला सांगितले. काम थांबले नाही, पिलेही उडाली. याचे छायाचित्र कोणी काढलेले नाही. म्हणून येथे लिहून ठेवते.