मणक्यातले स्क्रू नेमकं काय करतात?

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ गच्चीवरची टाकी साफ करताना खाली पडला. दोन मणके फ्रॅक्चर, डी-१२ आणि एल-१. डॉक्टर म्हणाले, "आठ स्क्रू टाकू." मला वाटलं, तुटलेल्या हाडातच ठोकणार. पण तसं नव्हतं.

मणक्याचा पुढचा गोल भाग आणि मागची कमान यांना जोडणारे हाडाचे दोन छोटे खांब असतात. त्यांना पेडिकल म्हणतात. हा मणक्याचा भक्कम भाग. भावाचे स्क्रू वरच्या दोन आणि खालच्या दोन शाबूत मणक्यांच्या पेडिकलमधून आत गेले. मग दोन्ही बाजूंना एकेक उभा रॉड. आता वरचा बराचसा भार तुटलेल्या मणक्यांना वळसा घालून रॉडमधून खाली जातो. फ्रान्सच्या रेमों रॉय-कामी यांनी १९६३ पासून असे स्क्रू वापरले. शेजारीच मज्जारज्जू आणि नसा असतात, म्हणून एक्स-रे बघत बघत स्क्रू बसवतात.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ म्हणाला, "आता लोखंड बसलंय, जिम सुरू करू?" म्हटलं, थांब रे! स्लॅब टाकल्यावर टेकू लगेच काढतात का? स्क्रू म्हणजे टेकूच. जुळायचं काम हाडालाच करायचंय, त्याला महिने लागतात. हाड जुळलंच नाही, तर वाकवून वाकवून तार तुटते तसा रॉडही तुटू शकतो. आणि मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर ती स्क्रूने भरून येत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा : कुणी उंचावरून पडलं तर त्याला उठवून बसवू नका. हलवू नका, १०८ ला फोन करा.