पुसल्या जाणाऱ्या रेषांचा छायाचित्रकार

आमच्या घरच्या जुन्या आल्बमात आईचे फोटो काही कमी नाहीत. मुंजीतले आहेत, लग्नातले आहेत, स्टुडिओत कुंडीशेजारी अवघडून उभी राहिलेलीही ती आहे. पण दिवाळीच्या पहाटे अंगणात उकिडवी बसून ती रांगोळी घालते आहे, असा फोटो एकही नाही. एका फोटोत आम्ही भावंडे नवे कपडे घालून ओळीने उभी आहोत आणि खाली अगदी कडेला तिच्या रांगोळीचा चतकोर तुकडा आला आहे. फोटो काढणाऱ्याला तो नकोच होता, चुकून आला.

ज्योती भट्ट यांची छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा मला त्या चतकोराची आठवण झाली. मनात आले, हा माणूस त्या काळी आमच्या अंगणात यायला हवा होता!

हे नाव आपल्याकडे चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे ऐकू येत नाही. (नावावरून कुणा बाईंची कल्पना करू नका, हे गृहस्थ आहेत.) जन्म १९३४ सालचा, भावनगरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते बडोद्याला आले. बडोदे म्हटले की मराठी माणसाला आपल्याच घरचे वाटते, आणि इथे तर तसे वाटायला आणखी एक कारण आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या कलाशाखेत त्या वेळी चित्रकला शिकवीत होते आपले नारायण श्रीधर बेंद्रे. शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन हेही तिथेच. असे गुरू लाभले, मग भट्ट नेपल्सला जाऊन शिकले, न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये मुद्राचित्रणाची कला आत्मसात करून आले. बडोद्यातच ते शिक्षकही झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांत रमले.

म्हणजे कॅमेरा हा काही त्यांचा मूळ धंदा नव्हे. तो हाती आला तो एका कामगिरीच्या निमित्ताने. १९६७ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातील एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो हवे होते. भट्ट खेड्यांतून हिंडले. काम तेवढ्यावर संपायला हवे होते, पण ज्या भिंती ते टिपत होते त्या उद्या राहणार नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि पुढची कित्येक वर्षे ते हिंडतच राहिले. राघव कनेरियांसारखे मित्र वाटेत सोबतीला असत. सौराष्ट्र, कच्छ, राजस्थान, मध्य प्रदेश, बंगाल... प्रवास तरी किती!

या भिंतींचे गणित जरा समजून घेतले पाहिजे. राजस्थानात मांडणा नावाचा प्रकार आहे. घराची भिंत शेणामातीने सारवायची आणि तिच्यावर गेरू नि पांढऱ्या खडीने मोर, वाघ, वेली रेखायच्या. हे काम बायकांचे, आणि ते मुख्यतः दिवाळीच्याच तोंडावर चालते. पावसाने भिंत धुपते, सारवण पोपडे धरते, की पुढच्या दिवाळीला पुन्हा सारवायचे नि पुन्हा रेखायचे. चित्र पुसले जाण्याचे दुःख तिथे कुणाला नाही, कारण रेखणारा हात घरातच आहे. अडचण येते ती घर सिमेंटचे झाल्यावर. भिंत पक्की होते आणि तिच्यावरचे चित्र मात्र कायमचे जाते! आता त्या बाईने पक्के घर बांधू नये असे तिला कोण सांगणार? दर वर्षी भिंती सारवण्याचे कष्ट काय असतात, हे आपल्या आज्यांना विचारावे. भट्टांनीही सांगितले नाही. त्यांनी फोटो काढले.

आणि कसे काढले! नुसत्या नक्षीचे फोटो काढायला फार अक्कल लागत नाही; माणसांना बाजूला सारून, भिंत चौकटीत भरून बटण दाबले की झाले. संग्रहालयाला तेवढे पुरते. भट्टांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंत मात्र भिंतीपुढे तिची मालकीणही असते. कडेवर पोर असते, हातावर गोंदण असते. भिंतीवरचा मोर नि दारातली बाई एकाच घरची आहेत हे पाहताक्षणी कळते. मुद्राचित्रणात काळ्यापांढऱ्याशी झुंजलेला हात इथे उपयोगी पडला असावा, असा माझा आपला तर्क.

शिक्षक म्हणून त्यांनी दुसरेही एक काम करून ठेवले. आपल्याच शाखेचे, तिथल्या गुरुजनांचे, विद्यार्थ्यांचे, कामात बुडालेल्या स्टुडिओंचे ते सतत फोटो घेत राहिले. स्वतंत्र भारतातली एक मोठी कलाशाळा कशी घडली याचा जणू घरगुती आल्बमच. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने हा ठेवा संगणकावर चढवला आहे. घरबसल्या तो पाहता येतो. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला! आपल्याकडे सरकारी गाडी अशीच चालायची.

मी हे सारे पाहत होतो तेव्हा वसुबारस दोन दिवसांवर आली होती. आईला नव्वदी जवळ आली आहे. आताशा खाली बसवत नाही, म्हणून सून तिच्यासाठी पाटावर काळा कागद चिकटवून देते आणि आई खुर्चीत बसून, पाट टेबलावर घेऊन, त्यावर गाईची पावले काढते. बोटे कापतात, पण चिमूट अजून सुटत नाही. मी मोबाइल घेऊन पुढे झालो आणि सवयीने पाटावर रोखला. मग दोन पावले मागे सरलो, ती चौकटीत येईपर्यंत.

"अरे, रांगोळीचा काढ, माझा कशाला?" आई म्हणाली.

"दोघींचा काढतोय."

"मग थांब जरा," असे म्हणून तिने पांढरी बोटे पदराला न लागतील अशा बेताने मनगटानेच पदर सारखा केला.